गुप्तहेराच्या तबकडीवरील जमैका

‘डॉ. नो’ हा १९६२ साली पडद्यावर आलेला चित्रपट जेम्स बाँडच्या मालिकेतील पहिला. त्यातील नायकाचे वर्तन मुलाबाळांसमवेत बसून पाहावे असे नाही, हे आरंभीच सांगून आम्ही त्याच्या ध्वनिमुद्रिकेकडे वळतो. ही तबकडी लावणाऱ्याला हवी असते ती गिटारवरील सुप्रसिद्ध धून. ती मिळते आणि पाहता पाहता संपतेही. उरलेल्या तबकडीवर बहुतांशी वाजत राहतो तो जमैका! कॅलिप्सो, बोंगो आणि नाचाचे ठेके. थराराच्या शोधात आलेल्याचा येथे हिरमोड होईल. आमचा झाला नाही.

संगीतकार माँटी नॉर्मन यांनी जमैकात जाऊन बायरन ली आणि त्यांचा ‘ड्रॅगनेअर्स’ हा वाद्यवृंद यांना हाताशी धरले. ली आपल्या वादकांसह चित्रपटातही दिसतात. त्याच वर्षी ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाला. ‘किंग्स्टन कॅलिप्सो’ ही या तबकडीवरील सर्वांत हुशार रचना. इंग्रजी बालगीतातील तीन आंधळे उंदीर येथे आंधळ्यांचे सोंग घेतलेले तीन मारेकरी होतात. बालवर्गातील चालीवर मृत्यू चालत येतो, आणि ठेका मात्र प्रसन्नच राहतो. ‘अंडर द मँगो ट्री’ हे गीत गोड खरे, पण पर्यटकासाठी रंगवलेल्या चित्रासारखे सपाट. (आंबा तरी मूळचा तिकडचा कुठे? अठराव्या शतकात जहाजातून गेलेला तो पूर्वेकडचा पाहुणा.)

खुद्द त्या धूनचे कुळही ऐकण्यासारखे आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या १९६१ च्या कादंबरीवरील संगीतिकेसाठी नॉर्मन यांनी त्रिनिदादमधील भारतीयाच्या तोंडी एक गीत रचले होते. तीच चाल गिटारला देण्यात आली व जॉन बॅरी यांनी तिची वाद्यरचना केली. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या आपल्या माणसांच्या वंशजांची ही सावली त्या ऐटबाज धूनमध्ये आहे. धूनचा कर्ता कोण, हा वाद २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला आणि नॉर्मन जिंकले. बोंगोवर कोणाचा हात होता, यासाठी मात्र कोणी न्यायालयात गेले नाही.

कॅथोलिक वाचकाने याच ठिकाणी थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते. किंग्स्टनमधील अल्फा ही १८८० साली सुरू झालेली, निराधार मुलांना आसरा देणारी संस्था. पुढे सिस्टर्स ऑफ मर्सी या धर्मभगिनींनी ती चालवली. तिच्या बँडमधून डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक यांच्यासारखे वादक घडले आणि जमैकाच्या ‘स्का’ संगीताला आकार आला. सिस्टर मेरी इग्नेशियस या मुलांसाठी तबकड्या जमवीत.

गोव्यात हेच घडले. चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली मुले मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) आपल्या वाद्यवृंदासह दिसतात. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि ‘फर्ज’ (१९६७) या आपल्याकडच्या गाजलेल्या हेरपटाला संगीत दिले ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनीच. नायक जितेंद्र सर्वांना आठवतो. व्हायोलिनची ओळ वाचणारा कोण होता, हे कोण विचारतो?

पडेगावसारख्या ठिकाणी हा प्रश्न नुसता आठवणींचा राहत नाही. मराठवाड्यातील आपल्या उपासनेत पेटी आहे, ढोलकी आहे, भजनाची जाण आहे. पण रविवारच्या ख्रिस्तयागानंतर मुलांना तासभर बसवून स्वर शिकवणारे वर्ग किती धर्मग्रामांत चालतात? कराओकेच्या तयार साथीवर गायला कोणीही उभे राहते. अल्फाची मुले मात्र तुतारीत फुंक मारण्यापूर्वी कागदावरचे स्वर वाचायला शिकत.

ही तबकडी मुलांना ऐकवायची झाल्यास धून ओलांडून थेट ‘जंप अप’ लावावे, आणि ताल धरल्यावर मगच सांगावे की हे एका हेरपटातले आहे.