टेस्ट लाल झाली, पण चूक कुणाची? ओपन सोर्स टेस्टिंग टूल्सचे खरे तोटे

वेब अ‍ॅप्लिकेशनच्या ऑटोमेटेड टेस्टिंगवर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या महिन्यात एक तक्ता तयार होतोच. मीही केला होता. डावीकडे सेलेनियम, सायप्रेस, प्लेराइट. वरती भाषा, ब्राउझर, रिपोर्ट, किंमत. आणि चौकटींत बरोबरच्या खुणा नाहीतर फुल्या. खाली 'तोटे' म्हणून ठरलेल्या ओळी: सेलेनियममध्ये डेस्कटॉप अ‍ॅप चालत नाही, स्वतःचा चांगला रिपोर्ट नाही, कॅप्चा सोडवता येत नाही.

हे सगळं खरं आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. ब्राउझर चालवण्यासाठीच बनवलेल्या टूलमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप चालत नाही, यात तोटा कसला? आणि कॅप्चा असतोच मुळी यंत्राला अडवायला. टूलने तो सोडवला तर दोष कॅप्चाचा. खरे तोटे अशा तक्त्यात दिसत नाहीत. मला ते दिसले ते डेटा बाद झाल्यावर.

दुसऱ्या वर्षी मी एका वेब अ‍ॅपच्या दोन आवृत्त्यांवर सेलेनियमने टेस्ट चालवल्या. कोणत्या आवृत्तीत जास्त टेस्ट पडतात ते मोजायचं होतं. आकडे छान आले. गाइड मॅडमनी एवढंच सांगितलं, "कोडला हात न लावता हेच उद्या परत चालव." चालवलं, तर पडलेल्या टेस्ट वेगळ्याच! तिसऱ्या दिवशी आणखी वेगळ्या. तीन आठवडे मी अ‍ॅपमधले दोष मोजतच नव्हते. लॅबचं नेटवर्क दुपारी किती मंदावतं ते मोजत होते.

कोड तोच, टेस्ट तीच, पण निकाल कधी हिरवा कधी लाल, अशा टेस्टला 'फ्लेकी' म्हणतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये अपाचेच्या 51 प्रकल्पांतल्या अशा टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या. कारणांत सर्वांत वर होतं नीट वाट न पाहणं, सुमारे 45 टक्के. (ते प्रकल्प फक्त वेब इंटरफेसचे नव्हते, हे उद्धृत करताना विसरू नका.) गूगलनेही 2016 मध्ये सांगितलं की त्यांच्या जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी फ्लेकीपणा आहे. तेव्हा फक्त आपल्यालाच जमत नाही असं समजून रडायचं कारण नाही.

वेबवर हे इतकं का होतं? सेलेनियमची सुरुवात 2004 मध्ये थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी केली. तेव्हाची बरीचशी पानं सर्व्हरकडून तयार होऊनच यायची. आज पान 'लोड' होतं तेव्हा खरं काम सुरू होतं. मजकूर, बटणं, यादी हे सगळं जावास्क्रिप्ट मागून आणते. वेबड्रायव्हर लोड होईपर्यंत थांबतो, पुढचं तुमच्यावर. मग आपण काय करतो? पाच सेकंदांचा स्लीप टाकतो. नेट चांगलं असेल तर पाच सेकंद वाया, वाईट असेल तर पाचही अपुरे.

प्लेराइट आणि सायप्रेस स्वतःहून थांबतात, हे मान्य. प्लेराइट क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, स्थिर आहे का, चालू आहे का ते बघतं. पण बटण चालू दिसूनही त्यामागचा कोड अजून जोडला गेलेला नसतो, असं होतं. क्लिक हवेत जातं. त्यावर सोय म्हणून 'रिट्राय' आहे: पडली तर पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी पास झाली की टेस्टवर 'फ्लेकी' शिक्का बसतो, पण एकूण निकाल हिरवाच राहतो. माझी मुख्य तक्रार इथे आहे. वरच्याच अभ्यासात काही दुरुस्त्या टेस्टमध्ये नाही, मूळ कोडमध्ये कराव्या लागल्या होत्या. म्हणजे टेस्ट खरं बोलत होती. रिट्रायने तिला गप्प केलं असतं.

मराठी साइटवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक डोकेदुखी. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ' संगणकात एका चिन्हाने लिहिता येतो, 'र'ला नुक्ता जोडून लिहिता येतो, किंवा साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. पण मजकुरावरून बटण शोधणारा एक्सपाथ चिन्हामागून चिन्ह ताडून पाहतो, आणि बटण डोळ्यांसमोर असताना 'सापडलं नाही' म्हणतो. मी यात अख्खी दुपार घालवली आहे.

उरला टिकाऊपणा. फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शन पद्धत गेली आणि 2017 मध्ये जुनी सेलेनियम आयडीई बंद पडली. 2018 मध्ये फँटमजेएसचं काम थांबलं. 2021 मध्ये अँग्युलरच्या टीमने प्रोट्रॅक्टर गुंडाळणार असल्याचं सांगितलं. पीएच.डी. साधारण पाच वर्षं चालते, हिशेब तुम्हीच करा. अर्थात कोड खुला असल्याने जुनी आवृत्ती निदान जपून ठेवता येते. विकतचं टूल बंद पडलं तर हातात तेवढंही उरत नाही, म्हणून टूल बदला असं मी म्हणत नाही.

मी पद्धत बदलली. आता प्रत्येक टेस्ट न बदललेल्या कोडवर आधी वीस वेळा चालवते, रिट्राय बंद ठेवून, त्यातल्या काही फेऱ्या मुद्दाम दुपारी. टूल, ब्राउझर, ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या लिहून ठेवते. वीसमध्ये एकदाही पडली तर ती वेगळ्या यादीत, आणि ती यादी प्रबंधात छापायची. मॅडम म्हणाल्या, मुख्य तक्त्यापेक्षा तीच मोठी होणार बहुतेक.