गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतला जपान

बर्फाने झाकलेले तांबडे देवालय आणि त्याच्यापुढून छत्री सावरत चाललेली एकटी बाई. कावासे हासुई यांचे ‘शिबा येथील झोजोजी’ हे 1925 सालचे काष्ठमुद्राचित्र जगभर ‘अस्सल जपानी’ म्हणून मिरवते. गंमत अशी की, हासुई पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकलेले होते आणि त्यांचे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांचा एक डोळा कायम परदेशी गिऱ्हाइकावर असे. मग यातले जपानी किती आणि विलायती किती?

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर यथार्थदर्शनापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मला ते शिळे वाटते. दूर जाताना लहान होत जाणाऱ्या खोल्या ओकुमुरा मासानोबूने 1740च्या आसपासच छापल्या होत्या. होकुसाईच्या फुजीमालिकेतला गडद निळा म्हणजे बर्लिनमध्ये शोध लागलेला प्रशियन निळा. हे सारे जपानी मुद्राचित्राने गिळले, पचवले आणि ढेकरही दिली नाही. आधुनिक काळात पश्चिमेकडून खरोखर नवे काय आले असेल, तर तो प्रकाश. आणि त्याच्या मागोमाग आले ते गिऱ्हाईक. पहिल्याने ही कला श्रीमंत केली; दुसऱ्याने तिला गोडगोड केले.

प्रकाशाचा पहिला मानकरी कोबायाशी कियोचिका. जुन्या मुद्राचित्रांत रात्र असे, पण काळोख नसे. आकाशात चंद्र काढला की रात्र झाली असे समजायचे. कियोचिकाने 1876पासून टोकियोची जी दृश्ये छापली, त्यांत वस्तू अंधारात खरोखर बुडतात. त्याचे 1881चे ‘शिंबाशी स्थानक’ पाहा. पाऊस, छत्र्यांची गर्दी, हातांतले कंदील आणि ओल्या जमिनीवर सांडलेला उजेड. हा परिणाम साधताना काळी बाह्यरेषा जवळजवळ मागे सरते आणि रंगावर रंग चढवून आकार घडवला जातो. कोरणारा आणि छापणारा दोघांचीही परीक्षा पाहणारे हे काम. कियोचिकाची नक्कल कधीकधी उघडी पडते, तेही मोठे लोभस आहे. ताकानावाच्या चांदण्यातून धावणारे त्याचे आगगाडीचे इंजिन अमेरिकी घाटाचे आहे. त्या मार्गावर प्रत्यक्षात इंग्लंडची इंजिने धावत होती. बहुधा एखाद्या परदेशी छापील चित्रावरून त्याने ते उचलले असावे. पण आपले शहर बदलते आहे, तारा आणि वाफ घेऊन बदलते आहे, हे त्याने लपवले नाही.

लपवालपवी पुढच्या पिढीने केली. ‘शिन हांगा’, म्हणजे नवे मुद्राचित्र, ही चळवळ वातानाबेंनी उभी केली. त्यांनी 1915मध्ये सुरुवातीच्या प्रयोगासाठी निवडलेला चित्रकार फ्रिट्झ कापेलारी हा ऑस्ट्रियाचा, हे विसरता कामा नये. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक ही जुनी चौकडी त्यांनी कायम ठेवली. चित्राला मात्र जलरंगाचा ओलावा आणि दिवसाच्या प्रहरांचे भान दिले. हासुईंची संध्याकाळ, त्यांचा पाऊस, पाण्यात थरथरणारी एका खिडकीची पिवळी रेघ, हे सगळे देखणे आहे. पावसात तर हासुईंना तोड नाही. पण पन्नासेक चित्रे ओळीने पाहिली की जीव गुदमरू लागतो. 1923च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो बेचिराख झाले, त्यात वातानाबेंचे ठसे आणि हासुईंच्या रेखाटनवह्याही गेल्या. त्यानंतरच्या चित्रांत तो ओरखडा शोधावा तर पुन्हा देवळे, पूल आणि बर्फच. कारखान्याचे धुराडे परदेशातल्या दिवाणखान्यात कोण टांगणार?

योशिदा हिरोशींचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हे मुळात तैलरंग-जलरंगांचे चित्रकार आणि हाडाचे गिर्यारोहक. भूकंपानंतर मुद्राचित्रे विकायला ते अमेरिकेला गेले, तिथली मागणी पाहिली आणि 1925मध्ये स्वतःची कार्यशाळा थाटली. त्यांच्या 1926च्या शिडाच्या होड्या माझ्या मते विसाव्या शतकातला सर्वांत चतुर प्रयोग आहे. तेच ठसे, पण रंग बदलून सकाळ, दुपार, धुके, रात्र अशी वेगवेगळी चित्रे. मोनेला गवताच्या गंजी पुन्हापुन्हा रंगवाव्या लागल्या. योशिदांनी तोच विचार ठशाच्या स्वभावातून काढला. प्रभाव पचणे म्हणतात ते हे.

आणि त्याच योशिदांच्या चित्रांच्या समासात पेन्सिलीने रोमन लिपीतली सही आणि इंग्रजी शीर्षक असते. गिऱ्हाईक कोण, ते समासच सांगतो. 1930च्या सुमारास ते मुलगा तोशी याच्यासह हिंदुस्थानात आले. अजिंठा आणि वेरूळही त्यांच्या ठशांवर चढले, म्हणून मराठी वाचकाला अभिमान वाटणे साहजिक आहे. पण यादी पाहा: ताजमहाल, काशीचा घाट, उदयपूर, कांचनजंगा. प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकातलीच ही स्थळे. चांदण्यातला ताज अप्रतिम छापला आहे, तरी पाहणारा डोळा पाहुण्याचा. हासुई आपल्याच देशाकडे त्याच पाहुण्या डोळ्याने पाहत होते, एवढाच फरक.

याला विरोध झाला नव्हता असे नाही. यामामोतो कानाए यांनी 1904मध्ये ‘कोळी’ हे चित्र स्वतः काढून, कोरून, छापून दाखवले. त्यातून निघालेल्या ‘सोसाकु हांगा’, म्हणजे सर्जनशील मुद्राचित्र, या पंथाला कारागिरांवर सोपवलेले काम मान्य नव्हते. पण एकट्या कलावंताची ही कल्पनाही युरोपातूनच आलेली! म्हणजे ‘परंपरावादी’ शिन हांगाची बाजारपेठ पाश्चात्त्य, आणि ‘आधुनिक’ सोसाकु हांगाची विचारसरणी पाश्चात्त्य. दुसऱ्या पंथातल्या ओंची कोशिरो यांनी निदान सुबकपणाची फिकीर केली नाही.

आज वातानाबेंचे दुकान टोकियोच्या गिंझा भागात सुरू आहे. स्कॉटलंडचे पॉल बिनी शिन हांगाच्या वळणाने काम करतात. कॅनडात वाढलेले डेव्हिड बुल आसाकुसात कारागीर घडवतात आणि व्हिडिओ गेममधली पात्रेही ठशांवर छापतात. हात शाबूत आहेत, हे लहान काम नाही. नजर मात्र अजून बर्फातल्या देवळावरून फारशी हललेली नाही. हासुई आणि योशिदा कुठेही भेटतील. कियोचिकाचे ते पावसातले स्थानक मात्र शोधून पाहा, आणि शक्यतो आधी पाहा.