वाऱ्यात फुलणारा थेंब

दोन मिलिमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात सोडावा आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेले ते काही मिलिसेकंद सावकाश पाहावेत. आपली नजर आधी खिळते ती त्याच्या पसरण्यावर. समोरून मारा होतोय, तेव्हा थेंब मागे लांबत जाईल असे वाटते. पण तो वाऱ्याला आडवा पसरतो. वारा जिथे छातीवर अडतो तिथे दाब चढतो, कडेने वळसा घेताना वेग वाढून दाब उतरतो, आणि पाणी चहूबाजूंनी त्या उतरलेल्या दाबाकडे ओढ घेते. पाहता पाहता गोल थेंबाची चकती होते.

मग चकतीचा मधला भाग पातळ होत शिडासारखा फुगतो आणि काठाशी जाड कडे उरते. बरेचसे पाणी त्या कड्यात, सारे लावण्य त्या पारदर्शक पडद्यात! इथवर पृष्ठताण थेंबाचा पाठीराखा होता. वाऱ्याचा रेटा आणि पृष्ठताणाची पकड यांचे गुणोत्तर म्हणजे वेबर अंक. तो साधारण 12च्या खाली असेल तर पाण्याचा थेंब डुचमळतो, पण तुटत नाही. पडद्याला छिद्र पडले रे पडले, की हाच पाठीराखा फिरतो. छिद्राची कड तो मागे खेचत नेतो (पडदा एक मायक्रॉन जाडीचा असेल तर सेकंदाला सुमारे 12 मीटर वेगाने!), पडद्याचे सूक्ष्म तुषार करतो आणि मागाहून, जरा सवडीने, कड्याचे टपोरे मणी पाडतो.

शॉक ट्यूबमधल्या, म्हणजे आघाततरंग सोडणाऱ्या नळीतल्या, प्रचंड वेगात फुगायला उसंतच नसते. आघाततरंग थेंबावरून जवळजवळ न दुखावता निघून जातो. त्यामागचा वारा मात्र काठावरून पाण्याचे पदर सोलत नेतो. दृश्य थरारक खरे, तरी माझा जीव त्या फुगणाऱ्या पडद्यातच अडकतो.

आणि तो पडदा आपल्या डोक्यावरच्या पावसातही असतो. एमानुएल विलेर्मो आणि बेंजामिन बोसा या संशोधकांनी 2009 मध्ये, वर वाहणाऱ्या हवेत पडणारा सुमारे सहा मिलिमीटरचा थेंब असाच फुगून फुटताना टिपला. त्यांच्या मते, सरीतला लहानमोठ्या थेंबांचा मेळ आपसातल्या टकरींपेक्षा एकेका थेंबाच्या अशा एकट्याने फुटण्यातून जमतो: बारीक तुषार पडद्याचे, टपोरे थेंब कड्याचे.