बंद दाराआडचा संवाद आणि प्रेक्षकाची साक्ष : ‘बिली बड’ या संगीतिकेचा विचार

बेंजामिन ब्रिटन यांची ‘बिली बड’ ही संगीतिका १ डिसेंबर १९५१ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये प्रथम सादर झाली. हर्मन मेलव्हिल यांच्या लघुकादंबरीवरून तिची संहिता इ. एम. फॉर्स्टर आणि एरिक क्रोझियर यांनी सिद्ध केली. मुळात चार अंकांची ही कृती ब्रिटन यांनी १९६० मध्ये दोन अंकांत बसविली. मेलव्हिल यांनी संदिग्ध ठेवलेल्या कॅप्टन व्हिअरला संगीतिकेने दोषमुक्त केले, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. केवळ संहिता वाचणाऱ्यास हा आक्षेप पटण्याजोगा आहे. प्रयोग ऐकणाऱ्या प्रेक्षकाला मात्र तो तसाच्या तसा स्वीकारता येईल काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

कथानक १७९७ मधील आहे. इंग्लंड फ्रान्सशी युद्धात गुंतलेले आहे आणि स्पिटहेड व नोअर येथील नाविकांच्या बंडांनी नौदलाचे अधिकारी धास्तावलेले आहेत. ‘इंडॉमिटेबल’ या युद्धनौकेवर बिली बड हा तरुण खलाशी सक्तीने भरती केला जातो. तो देखणा, निर्मळ आणि सर्वांना प्रिय आहे. भावनावेगाच्या क्षणी वाचा अडखळणे हे त्याचे एकमेव वैगुण्य. नौकेवरील शिस्तपालन अधिकारी क्लॅगर्ट त्याच्यावर बंडाच्या चिथावणीचा खोटा आरोप ठेवतो. शब्द न फुटल्याने बिलीचा हात उठतो आणि त्या एका ठोशाने क्लॅगर्ट मरतो. या घटनेचा एकमेव साक्षीदार म्हणजे व्हिअर. न्यायसभा बिलीला फाशीची शिक्षा फर्मावते आणि ती त्याला सांगण्यासाठी व्हिअर एकटाच आत जातो.

दाराआडच्या या भेटीत काय बोलले गेले, हे मेलव्हिल यांचा निवेदक सांगत नाही. तो तर्क करतो आणि थांबतो. गद्यकथेला असे मौन परवडते. पण रंगमंचावर या क्षणी काहीतरी घडावेच लागते. ब्रिटन यांनी या ठिकाणी रंगमंच रिकामा ठेवला. वाद्यवृंदातून एकामागून एक चौतीस स्वरसंघात ऐकू येतात. ते साधे आहेत, संथ आहेत, त्यांत ओळखीची सुरावट नाही आणि गायकही नाही. वाद्ये बदलतात, आवाज चढतो व उतरतो, आणि प्रत्येक संघातामागे ‘फ’ स्वरावरील मूळ त्रयीचा एखादा स्वर असतो. या संगीताचा अर्थ क्षमा, करुणा, प्रेम की भय, हे सांगणारा कोणीही मंचावर नसतो. मेलव्हिल यांच्या निवेदकाचे अज्ञान येथे प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

हे तंत्र फॉर्स्टर यांना परके नव्हते. ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही त्यांची कादंबरी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मेलव्हिल यांच्या निधनानंतर हस्तलिखितात राहिलेली ‘बिली बड’ ही त्याच वर्षी प्रथम छापली गेली, आणि १९२७ मधील ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या व्याख्यानमालेत फॉर्स्टर यांनी तिची दखल घेतली. त्यांच्या कादंबरीच्या केंद्रस्थानीही एक न दिसलेली घटना आहे. मारबारच्या गुहेत नेमके काय घडले हे वाचकाला कळत नाही. त्याच्या हाती येतो तो केवळ एक अर्थहीन प्रतिध्वनी, आणि त्यानंतर एक खटला. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचे खाजगी सचिव होते. या मराठा दरबारातील गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे पडसाद कादंबरीच्या अखेरच्या भागात उमटले असून तुकारामाच्या नावाचा गजरही तेथे आहे. त्या भागात नाद हा शब्दार्थाच्या पलीकडे जातो. देवास येथील अनुभव आणि चौतीस स्वरसंघात यांच्यात थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल, शिवाय ते स्वर ब्रिटन यांचे आहेत. तथापि निर्णायक क्षणी शब्दांवर विसंबू नये, ही जाण संहिताकाराजवळ आधीपासून होती, एवढे निश्चित म्हणता येते.

संहितेने केलेला खरा बदल न्यायसभेच्या प्रसंगात दिसतो. लघुकादंबरीतील व्हिअर कायद्याची बाजू आग्रहाने मांडून अधिकाऱ्यांना शिक्षेकडे वळवतो. संगीतिकेतील व्हिअर घडले तेवढेच सांगतो. बिली त्याला वाचविण्याची विनवणी करतो, अधिकारी मार्गदर्शन मागतात, तरी तो काहीच बोलत नाही. यामुळे व्हिअर सौम्य झाला असे वरवर वाटते. परंतु बिलीचे मौन शारीरिक असून व्हिअरचे स्वेच्छेचे आहे. ज्याला बोलता येत नाही तो फाशी जातो, आणि ज्याला बोलता येते तो गप्प राहतो. ही विषमता मेलव्हिल यांच्या मूळ मांडणीहून कमी कठोर नाही.

फाशीपूर्वी बिली व्हिअरला आशीर्वाद देतो आणि खलाशी त्याच्यामागून ते शब्द उच्चारतात. फाशीनंतर त्याच खलाशांच्या कंठातून शब्दहीन गुरगुर उठते, वाढत जाते, बंडाच्या उंबरठ्याशी पोहोचते. अधिकारी हुकूम देतात आणि सवयीने वाकलेली माणसे पांगतात. या आवाजाला संहितेत शब्दच नसल्यामुळे वाचकाच्या नजरेतून तो सहज निसटतो. नाट्यगृहात तो टाळता येत नाही.

यानंतर उपसंहार येतो. मेलव्हिल यांचा व्हिअर काही काळातच युद्धातील जखमेने मरतो. येथे तो वार्धक्यापर्यंत जगतो, आणि प्रारंभ व शेवट त्याच्याच स्मरणात घडतात. बिलीने आपल्याला तारले असे तो म्हणतो तेव्हा बंद दाराआडचे स्वरसंघात पुन्हा ऐकू येतात. प्रथम ते कोणाच्याही मालकीचे नव्हते. आता ते व्हिअरच्या शब्दांना आधार देतात. त्यांतील सांत्वन खोटे आहे असे म्हणता येणार नाही, ब्रिटन यांनी ते मनापासून दिले आहे. पण ते मागतो तो व्हिअर, आणि स्मरण त्याचे एकट्याचे आहे. वाद्ये थांबतात, त्याचा आवाज साथीवाचून उरतो आणि प्रकाश विझत जातो.

संगीतिका व्हिअरला क्षमा करते, हे विधान म्हणून अपुरे वाटते. ती त्याला क्षमेची भाषा देते, आणि त्या भाषेची पारख ज्याच्या आधारे करता येईल तो शब्दहीन आवाज प्रेक्षकाच्या कानांत ठेवते. व्हिअर साक्षीदार होता व गप्प राहिला. प्रयोग संपतो तेव्हा साक्षीदाराच्या जागी प्रेक्षक असतो. तुलनाकाराने माध्यमांतराचा विचार करताना संहितेच्या शेजारी प्रयोगातील हे श्रवण ठेवले नाही, तर व्हिअरचे स्वतःविषयीचे मत तो कृतीचे मत समजून बसेल.