चाळीतील भांडणाची रीत

पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' १९५८ साली प्रसिद्ध झाले आणि १९६१ मध्ये लेखकाने स्वतःच त्याला रंगभूमीवर नेले. या पुस्तकातील विनोद आणि त्यातील हुरहूर मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. परंतु भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे भांडतात कशी, आणि भांडूनही पुन्हा त्याच जिन्याने वरखाली कशी करतात, या प्रश्नाचे जे उत्तर या पुस्तकात आहे त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे.

प्रथम नावे पाहावीत. सोकाजीनाना त्रिलोकेकर, अण्णा पावशे, बाबूकाका खरे, नागूतात्या आढ्ये, कोचरेकर मास्तर. आडनावासोबत नाते किंवा हुद्दा येतो. 'तुम्ही खोटे बोलता' असे म्हणावयाचे झाले तरी आरंभ 'नाना' किंवा 'मास्तर' या संबोधनाने करावा लागतो, आणि त्या एका शब्दानेच वाक्याची धार बोथट होते. मराठीतील ही संबोधने केवळ अलंकार नव्हेत. अंतर नसलेल्या जागी अंतर निर्माण करण्याचे ते साधन आहे. खोलीला दार असले तरी ते दिवसभर उघडेच असते. तेव्हा जो आडोसा वास्तू देऊ शकत नाही तो भाषेने द्यावा लागतो.

दुसरे साधन म्हणजे सभा. 'गच्चीसह झालीच पाहिजे' या लेखाचे शीर्षकच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील घोषणेचे विडंबन करते. एका गच्चीसाठी एवढा गाजावाजा पाहून आपण हसतो. परंतु 'अध्यक्षमहाराज' म्हणून बोलावयास उभा राहिलेला मनुष्य शेजाऱ्याची गचांडी धरू शकत नाही, हेही तितकेच खरे. भाषण, ठराव आणि दुरुस्ती यांच्या थाटामुळे वैयक्तिक राग सार्वजनिक प्रश्नाचे रूप घेतो आणि सोसवतो. विनोदकाराने ज्या थाटाची टिंगल केली, तोच चाळीला मोडू देत नाही.

हे असे का व्हावे, याचे एक कारण पुस्तकाबाहेर आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी बहुतांशी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला डागडुजीत रस उरला नाही आणि भाडेकरूला एवढ्या भाड्यात दुसरी जागा मिळेना. शेजारी त्यामुळे जन्माचा झाला. ज्याच्यापासून सुटका नाही त्याच्याशी भांडण असे करावे लागते, की उद्या त्याच्याकडे साखरेची वाटी मागता यावी. चाळीतील शिष्टाचारामागे सौजन्याइतकीच ही निरुपायता आहे.

तथापि या रीतीलाही मर्यादा आहेत. 'काही वासऱ्या' या लेखात रहिवाशांच्या रोजनिशा आहेत, आणि तोंडावर न बोललेले तेथे लिहिले जाते. आदराची भाषा म्हणजे मनाची स्वच्छता नव्हे. सभेत पुढाकारही पुरुषांचाच; नळावर ज्यांचा खरा संघर्ष होतो त्यांच्या तक्रारीला अध्यक्ष नाही आणि इतिवृत्तही नाही. शिवाय ही चाळ मुख्यतः पांढरपेशांची आहे. 'चिंतन' या अखेरच्या लेखातील हुरहूर मला म्हणूनच अपुरी वाटते. सरलेल्या दिवसांचे मोल ती सांगते, पण त्या दिवसांत बोलण्याचा अधिकार कोणाला होता, हे विचारीत नाही.

या दृष्टीने जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक शेजारी ठेवून वाचावे. १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या गिरणगावात एका खोलीत धुरी कुटुंब राहते. येथेही जागा तोकडीच. पण रोजगार आणि संघटना यांचा आधार गेल्यावर राग नेण्यासारखी सभा उरलेली नाही. तो भावाभावांत आणि आईसमोर फुटतो. नाते तेच, संबोधन तेच, परंतु त्याने आता वाक्याची धार कमी होत नाही. आदर हा केवळ संस्काराचा प्रश्न नसून त्याला पोटापाण्याच्या स्थैर्याचे अधिष्ठान लागते, हे पवारांइतके स्पष्टपणे पुलंनी दाखविलेले नाही. तसे दाखविणे त्यांचे प्रयोजनही नव्हते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींस हा विचार परका वाटू नये. आपली मंडळे, गणेशोत्सव आणि वसाहतीतील बैठका बटाट्याच्या चाळीच्याच घाटाच्या आहेत. वर्गणीवरून वाद पेटतो आणि दोन तासांनी चहा येतो. या ठरावबाजीला हसावे, अवश्य हसावे; पण ती टाकून देऊ नये. मात्र ठराव मांडण्यापूर्वी सतरंजीच्या कडेला गप्प बसलेल्यांना 'आपले काय म्हणणे आहे?' असे विचारावयास हवे. बटाट्याच्या चाळीतील सभेत राहून गेलेले काम तेवढेच आहे.