राजी : ॲन एन्शंट एपिक

पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्मिलेला अद्‌भुतकथात्मक व्हिडिओ खेळ (२०२०). नायिका राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी असून राक्षसांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाचा ती शोध घेते. महाबलासुर हा प्रतिनायक. दुर्गा व विष्णू यांच्या संभाषणातून कथा उलगडत जाते. दृश्यरचनेवर राजस्थानातील मध्ययुगीन वास्तुकलेचा व पहाडी चित्रशैलीचा प्रभाव आहे.

व्हिडिओ खेळातील अवकाश केवळ पाहावयाचा नसतो, तो आक्रमावयाचा असतो. जेथे पाऊल टाकता येते तेवढेच तेथील जग, उरलेला देखावा. त्यामुळे वाट कोठे ठेवावी आणि कोठे अडवावी, या निर्णयातच रचनाकाराची विचारप्रणाली व्यक्त होते. या दृष्टीने राजी  हा खेळ अंतर्विरोधाने भरलेला आहे. राजी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावते. राजवैभव मिरविण्यासाठी उभारलेले स्तंभ एका कसरतपटू मुलीची साधने होतात, ही या खेळातील सर्वांत समर्थ कल्पना होय. भिंतीवरची धाव प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम  (२००३) या खेळातही आढळते, पण तेथे धावणारा राजपुत्र आहे.

हे स्वातंत्र्य मात्र देहापुरतेच. मार्ग एकच व पूर्वनियोजित आहे. दृश्यकोन उंचावरचा आणि खेळाडूला न बदलता येणारा असल्याने भव्य प्राकारांत राजी ठिपक्याएवढी दिसते. वरून पाहत बोलणाऱ्या देवतांचीच नजर खेळाडूला लाभते. ज्ञानदेवांशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटातही वर चढणे म्हणजे पुण्य, घसरणे म्हणजे पाप, असा अवकाशाला नैतिक अर्थ आहे. परंतु तेथे कवड्यांचे दान कोणालाही खाली आणू शकते. राजी मध्ये पडल्यास पुन्हा त्याच वाटेवर उभे राहावयाचे, एवढेच.

नगरे निर्मनुष्य आहेत. पाणवठा, बाजार, चूल यांचा मागमूस नाही. माणसेच नसल्याने श्रद्धा केवळ शिल्पांत व भित्तिचित्रांत उरते. जात, श्रम, मतभेद हे सारे गळून पडते आणि मध्ययुगीन वास्तू ‘प्राचीन’ ठरते. तरीही अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी  (२०१७) या अमेरिकन खेळाशी तुलना करता राजी चे वेगळेपण जाणवते. त्यातील नायिका पश्चिम घाटातील भग्नावशेषांत खजिन्याच्या शोधात शिरतात. राजीला तेथून काही न्यावयाचे नाही. तिला मिळणारी शस्त्रे देवतांनी दिलेली आहेत, आणि या देणगीमुळे ती त्यांची ऋणाईतही होते.

मंडलाकार कोड्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. तेथे पुढे धावणे थांबते. वर्तुळांचे तुकडे फिरवून जुळविताना भावंडांच्या पूर्वायुष्याची चित्रे साकार होतात. युद्धप्रसंगांच्या गर्दीत हे भाग थोडके आहेत. परंतु त्यांतील जागा देवांची नाही, राजाची नाही, त्या दोन मुलांची आहे.