‘वृद्ध तारा’ : एका रूपकाचे परीक्षण

ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे वर्णन मानवी आयुष्याच्या भाषेत करण्याचा परिपाठ मराठी शास्त्रीय लेखनात रूढ आहे. तारा जन्मतो, तारुण्यात येतो, पुढे वृद्ध होऊन फुगतो व अखेरीस मरण पावतो, अशी ही मांडणी होय. ती सुबोध आहे, यात शंका नाही. परंतु सुबोधता व यथार्थता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या उत्तरावस्थेला हे रूपक कितपत लागू पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम इतिहास पाहू. १९१३ साली हेन्री नॉरिस रसेल यांनी ताऱ्यांचे तेज व त्यांचा वर्णपटीय प्रकार यांचा संबंध दाखविणारी आकृती मांडली. त्या वेळी तांबडे राक्षसी तारे हे त्यांच्या मते ताऱ्यांचे बाल्य होते. विरळ व विस्तीर्ण वायुगोल आकुंचन पावत तापतो, आणि नंतर निवत निवत विझतो, अशी ती उपपत्ती होती. पुढे ताऱ्याच्या ऊर्जेचे मूळ अणुकेंद्रांच्या संमीलनात आहे हे निश्चित झाले, आणि फ्रेड हॉइल व मार्टिन श्वार्त्सशिल्ड यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या गणिताने राक्षसी अवस्था ही गाभ्यातील हायड्रोजन सरल्यानंतरची होय, हे स्पष्ट झाले. म्हणजे जे तारे एकदा बालक ठरले होते, तेच सुमारे चाळीस वर्षांत वृद्ध ठरले. आणि रूपक मात्र दोन्ही वेळां सारखेच शोभून दिसले. परस्परविरुद्ध उपपत्तींना जे सारखेच शोभते, ते पुराव्याच्या जागी ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप वयासंबंधीचा आहे. वृश्चिकेतील ज्येष्ठा ही नावाने थोरली, आणि उत्क्रांतीच्या टप्प्यानेही उत्तरावस्थेतील तांबडी महाराक्षसी तारका. परंतु तिचे वय दीड कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते, तर ज्याला आपण मध्यमवयीन म्हणतो त्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. ज्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या दहापटीहून अधिक, तो आपले इंधन कितीतरी अधिक वेगाने खर्च करतो. यामुळे हा विपर्यास घडतो. ‘वृद्ध’ हा शब्द येथे वर्षे सांगत नाही, केवळ टप्पा सांगतो. हा भेद स्पष्ट न केल्यास विद्यार्थ्याची समजूत मुळातच चुकते.

‘इंधन संपल्यामुळे तारा मरू लागतो’ हे विधान तर याहून अधिक दिशाभूल करणारे आहे. सूर्यासारख्या ताऱ्यात त्या वेळी एकूण हायड्रोजनाचा सुमारे दहावा हिस्साच खर्ची पडलेला असतो. संपतो तो केवळ गाभ्यातील साठा. गाभा आकुंचन पावून तापतो, त्याभोवतीच्या थरात ज्वलन सुरू होते, बाह्य आवरण फुगते आणि ताऱ्याचे तेज आजच्या सूर्याच्या दोन हजार पटींहून अधिक होते. गाभ्याचे तापमान दहा कोटी अंशांवर गेले की हीलियमपासून कार्बन तयार होऊ लागतो. गाभ्यातील हीलियमही सरल्यावर हीलियम व हायड्रोजन यांचे दोन थर आळीपाळीने पेटतात. हीलियम-थराचे हे ज्वलन अधूनमधून उसळते, हे श्वार्त्सशिल्ड व हेर्म यांनी १९६५ साली दाखवून दिले. क्षीणत्वाची कल्पना या व्यवहारास कशी लावावी?

सर्वांत गंभीर दोष असा की, हे रूपक या अवस्थेची सर्जकता झाकून टाकते. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्निशियम या मूलद्रव्याच्या रेषा आढळल्या. अशा ताऱ्यांत निर्माण होणाऱ्या टेक्निशियम-९९ चा अर्धायुकाल सुमारे २ लाख १० हजार वर्षे आहे. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने हा काळ नगण्य होय. तेव्हा ते द्रव्य त्या ताऱ्यातच नुकते घडलेले असले पाहिजे, हा निष्कर्ष अटळ ठरला. न्यूट्रॉन सावकाश ग्रहण करीत जड मूलद्रव्ये याच अवस्थेत घडतात, मंथनाने पृष्ठभागी येतात आणि ताऱ्याच्या वाऱ्याबरोबर अवकाशात विखुरतात. सूर्याइतक्या वस्तुमानाचा तारा आपले जवळजवळ निम्मे द्रव्य असे परत देतो आणि श्वेत लघुताऱ्याच्या रूपाने उरतो. आपल्या देहातील कार्बनाचा मोठा वाटा या तथाकथित मरणोन्मुख ताऱ्यांचा आहे.

ही चर्चा केवळ शब्दांची नव्हे. २०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, मंदावू लागली व फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरली. तेव्हा तिचा स्फोट जवळ आल्याची वार्ता सर्वत्र पसरली. मंदावणे म्हणजे मृत्यूची चाहूल, हा तर्क रूपकातून आला होता. ताऱ्याच्या भौतिकीतून नव्हे. तारा थोड्याच महिन्यांत पूर्ववत झाला. पृष्ठभागाचा काही भाग निवल्यामुळे बाहेर टाकलेल्या वायूत धूळ तयार झाली व तिने प्रकाश अडविला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून दिसून आले. अतिदीप्त नवतारा होणे तिच्या वाट्यास आहेच. परंतु त्यास अद्याप एक लाख वर्षेही लागू शकतील.

तथापि हे रूपक सर्वस्वी टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. आयुष्याप्रमाणेच ही उत्क्रांतीही सामान्यतः मागे फिरत नाही, एवढे साम्य खरे आहे. प्रास्ताविकात ते अवश्य योजावे. परंतु जेथे कारणमीमांसा सुरू होते, तेथे ‘वृद्ध’ऐवजी ‘उत्तरावस्थेतील’ आणि ‘इंधन संपले’ऐवजी ‘गाभ्यातील हायड्रोजन सरला’ असे लिहावे. शब्द चारदोन वाढतील. पण विद्यार्थ्यास पुढे विसरावे लागेल असे काही आपण त्यास शिकविले, असे होणार नाही.